अंड्यांचा घोस

कोंबडी घरी कापली की तिच्या पोटातल्या एकेका वस्तूचा धनी आधीच ठरलेला असतो. कलेजी पाहुण्याची, आणि पाहुणा जावई असेल तर विचारायलाच नको. पेटा, म्हणजे कोंबडी दाणे दळते ती कठीण पिशवी, घरच्या कर्त्या पुरुषाचा. मुंडी आणि पाय जिनं पिसं उपटली तिचे. आतडी कुत्र्याची. पित्ताची हिरवी पिशवी कुणाचीच नाही. ती फुटू न देता अलगद काढायची आणि लांब उकिरड्यात पुरून टाकायची. आणि कोंबडी अंड्यावरची असेल तर तिच्या पाठीला आतून कच्च्या अंड्यांचा घोस चिकटलेला असतो. मोहरीएवढ्या दाण्यापासून लिंबाएवढ्या बलकापर्यंत, सगळ्या वयाची पिवळी अंडी एका देठाला. हा घोस घरातल्या मूलबाळ नसलेल्या बाईचा. तो खाल्ला की तिची कूस उजवते म्हणतात. कोण म्हणतं ते विचारू नये. ज्यांची पोरं अंगणात लोळत असतात त्याच बाया हे जास्त ठासून सांगतात.

दीपिकानं असे घोस चार वर्षं खाल्ले होते. आज ती पहिल्यांदाच वाढणार होती.

चारठाण्याच्या अलीकडं, माळाच्या कडेला तिच्या बापाचं घर. बाप धोंडीबा मेंढरंवाला. घरामागं मेंढरांना काटेरी कुंपण, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणात कडुलिंबाचं झाड. त्या दुपारी लिंबाखाली बैठक बसायची होती. सेलूहून दीपिकाचा नवरा सुरज, सासू विजयमाला आणि जमातीतली चार जाणती माणसं यायची होती. जेवणं उरकून ती सगळी मिळून दीपिकाची काडीमोड करणार होती. कारण सगळ्यांना पाठ होतं: पोरगी वांझ आहे. काडीमोड करायला येणाऱ्यालाही कोंबडी खाऊ घालावी लागते, ही आपली रीत. आधी त्यांचं पोट भरायचं आणि मग त्यांच्यापुढं मान खाली घालून बसायचं.

सकाळी दीपिकाची आई म्हाळसाबाई कोंबडा धरायला खुराड्यापाशी आली तर लेकीनं तांबडी कोंबडी पायाला धरून बाहेर काढलेली.

"अगं दीपे, येडी झालीस का? ती अंड्यावर हाय. पाव्हण्यांना कोंबडा कापतेत."

"कोंबडा राहू दे, माय. मला हीच पाहिजे."

"लोक काय म्हणतील? धोंडीबाच्या घरी एक कोंबडा निघंना म्हणतील."

"म्हणू दे की. लय काय काय म्हणून झालंय त्यांचं."

म्हाळसाबाई मसाला काढायला आत वळली. तिला अजून वेडी आशा होती. जेवण झणझणीत झालं, पाहुण्यांचा मान नीट राखला, आपण विजयमालाबाईंपुढं पदर पसरला, तर जावई लेकीला परत नेईल असं तिला वाटत होतं. दीपिकाला परत जायचंच नव्हतं. पण "वांझ" हा शिक्का कपाळावर घेऊन तिला इथंही राहायचं नव्हतं. जो शब्द आज बैठकीत ठरेल तोच जन्मभर तिच्या मागं चालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो शब्द विजयमालाबाईनं तिला मोठ्या हौसेनं दिला होता. सेलूच्या बाजारात कोंबडी घ्यायची म्हणजे ही बाई कोंबडीच्या पोटाखाली हात घालून चाचपायची आणि चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायची, "अंड्यावरची हाय का? आमच्या सूनबाईला पाहिजे." कालवण शिजलं की शेजारच्या सुलाबाईला मुद्दाम हाक जायची. मग तिच्यासमोर घोस दीपिकाच्या ताटात पडायचा.

"खा बाई, खा. आमच्या घरात पाळणा हलू दे. तुझ्यापायी किती कोंबड्यांचा वंश बुडाला!"

सुलाबाई पदर तोंडाला लावून हसायची. दीपिका एकेक बलक गिळायची. ताटात टाकला तर अन्नाचा माज आला म्हणतील, आणि खाल्ला तर पुढच्या बाजारी पुन्हा तेच. समोर बसून सुरज कलेजी खात असायचा.

आणि त्यातली खरी गोम अशी, की सुरजला सगळं माहीत होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दोघं घरी न सांगता परभणीला डॉक्टरकडं जाऊन आली होती. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं, बाईत काही दोष नाही, पुरुषाकडून मूल होण्यासारखं नाही. सुरजच्या तोंडचं पाणी पळालं. एसटी स्टँडवर कँटीनच्या मागं, पाण्याच्या टाकीपाशी त्यानं बायकोचे पाय धरले. गडी माणूस, जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलणारा, पोरासारखा रडत होता. मग खिशातून बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी काढून त्यानं तिच्यापुढं धरली.

"दीपे, भंडारा उचल. मरेपर्यंत तोंडातून काढणार न्हाई म्हण. लोकांना कळलं तर मी जित्ता राहत न्हाई."

तिनं चिमूटभर भंडारा उचलला. "माझ्या तोंडातून हा शब्द निघणार न्हाई," असं म्हणून कपाळाला लावला. धनगराच्या घरात भंडाऱ्याची शपथ मोडत नाहीत, आणि तेव्हा तर तिला ती मोडावीशी वाटतच नव्हती. तिचा जीव होता त्याच्यावर. आपण नवऱ्याची लाज झाकली याचा तिला अभिमानसुद्धा वाटला. एवढं झाल्यावर हा आपल्या आईला आवरेल, निदान तो घोस तरी बंद करेल, असं ती धरून चालली होती.

त्यानं काही आवरलं नाही. आधी नुसता मूग गिळून बसायचा. पुढं हसायला लागला. आणि एक दिवस आईनं नेहमीसारखा घोस वाढला तेव्हा कलेजीचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला, "हिला घोस बी लागू होईना, माय. जमीनच नापीक हाय."

त्या दिवशी दीपिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरली नव्हती.

पुढं सहाच महिन्यांत त्यानं तिला माहेरी आणून सोडलं. मग कानावर आलं की मानवतकडच्या दत्तरावांच्या पुतणीला, वैष्णवीला, सुरजनं पाहिलंय आणि सगळं जवळजवळ ठरलंय. आजच्या बैठकीत पंच म्हणून हेच दत्तराव येणार होते. वैष्णवीचं भलं व्हावं म्हणून दीपिका काही करणार होती असं कुणी समजू नये. त्या पोरीचा तिनं चेहराही पाहिला नव्हता. तिला फक्त सुरजची मान चार माणसांत खाली गेलेली बघायची होती, आणि ती डोळे भरून बघायची होती.

पण तोंड शपथेनं शिवलेलं. आईला सांगता येईना, बापाला सांगता येईना. कितीतरी दिवस ती मेंढरांच्या लेंड्या झाडत, भाकरी थापत एकच विचार घोळवत राहिली. आणि एका सकाळी तांबडीखालचं अंडं उचलताना तिला सुचलं. शपथ तोंडाची होती. हाताची कुठं होती?

थोरल्या भावानं, रामप्रसादनं कोंबडी कापून दिली आणि तो मेंढरांमागं निघून गेला. दीपिकानं ती कढत पाण्यात बुचकळली, पिसं उपटली, तुराट्यांच्या जाळावर धरून बारीक लव जाळली आणि हळद चोळली. मग विळीवर पोट फाडून तिनं आत हात घातला. आतडी ओढून कुत्र्यापुढं टाकली. पित्ताची पिशवी नखानं सोडवली. पेटा चिरून आतले खडे झटकले आणि पिवळं सालटं सोललं. शेवटी पाठीच्या कण्यापाशी बोटं नेऊन घोस मुळापासून सोडवला. एकही बलक फुटू दिला नाही. एवढं जपून तिनं उभ्या जन्मात काही हाताळलं नव्हतं. तो तिनं वाटीत ठेवला आणि वर झाकण घातलं.

म्हाळसाबाई शेजारी मसाला वाटत होती. "घोस चांगला निघाला की गं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू खा. देवाचं काय सांगावं."

"मी लय खाल्लेत, माय. हा पाव्हण्याचा हाय."

"पाव्हण्याचा? कोण्या बाईचा?"

"बाईचा न्हाई. जावायाचा."

वरवंटा थांबला. म्हाळसाबाई लेकीच्या तोंडाकडं बघतच राहिली. जावयाला कलेजी वाढतात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. घोस कुणाला वाढतात तेही नको.

"दीपे... खरं हाय?"

"मला इचारू नको, माय. मला बोलता येत न्हाई. भंडारा उचललाय मी."

म्हाळसाबाईनं मसाल्याच्या हातानंच वरवंटा बाजूला सारला. लेकीसाठी तिनं किती नवस केले होते, किती जणींच्या पाया पडली होती, विजयमालाबाईंपुढं किती वेळा खालमानेनं उभी राहिली होती. लेक वांझ म्हणून तीही रात्रंदिवस कुढली होती. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट डोळे असे काही पेटले की दीपिकाला क्षणभर आपली आईच ओळखू येईना.

"मंद आचेवर शिजव," ती उठत म्हणाली. "देठ तुटू देऊ नको. तुटला तर साध्या अंड्यासारखा दिसंल, लोकांना कळायचं न्हाई." आणि सकाळपासून विजयमालाबाईंसाठी घडी घालून ठेवलेलं नवं लुगडं तिनं उचलून पुन्हा पेटीत टाकलं.

दुपारी पाहुणे आले. दत्तराव जाडजूड, पांढऱ्या पटक्याचे, बोलण्यात तोलूनमापून. सुरज नव्या शर्टात, दाढी घोटून. विजयमालाबाई जीपमधून उतरल्या त्याच नाक मुरडत. धोंडीबानं सगळ्यांना पाणी दिलं, रामराम केला, आणि बिचारा खांबाला टेकून उभा राहिला. घरात काय शिजतंय याचा त्याला पत्ता नव्हता.

पुरुषांची पंगत लिंबाखाली बसली. विजयमालाबाई भिंतीजवळ बाजेवर बसल्या, सगळ्यांवर नजर पडेल अशा. दीपिका कालवणाचं पातेलं घेऊन बाहेर आली तेव्हा त्या बोलल्याच.

"अगं माय, हीच वाढायली का? जरा तरी लाज असती माणसाला!"

दीपिकानं मान वर केली नाही. दत्तरावांच्या ताटात तिनं कलेजी वाढली. दत्तराव चपापले, कारण शेजारी जावई बसलेला. पण पंचाचा मान मोठा समजून त्यांनी ती ठेवून घेतली. बाप अजून उभाच होता, त्याचा पेटा पातेल्यात राहिला. इतरांना चांगले मांसाचे तुकडे गेले. सुरजच्या ताटात भाकरी होती, कांदा होता, आणि तो कालवणाची वाट बघत होता. दीपिका घरात गेली, झाकलेली वाटी घेऊन आली आणि त्याच्या ताटात उपडी केली.

काळ्या रश्शात पिवळाधमक घोस, देठासकट, अख्खा.

सुरजनं तो बघितला आणि त्याचा हात भाकरीवरच थिजला. त्यानं तो हसण्यावारी नेला असता, "ही येडीच हाय" म्हणून ताट बाजूला सारलं असतं, तर कदाचित निभावलंही असतं. पुरुष माणसं, कुणाचं एवढं लक्ष? पण घोसाचा अर्थ जिला सगळ्यात जास्त पाठ होता ती बाजेवर बसलेली होती.

"अगं ए!" विजयमालाबाई कडाडल्या. "ते कामून वाढायलीस त्याला? ते बाईला घालतेत! ज्याला लेकरू होत न्हाई त्याला घालतेत ते!"

"हाव, आत्याबाई," दीपिका म्हणाली. "तुमीच शिकवलंय."

पंगतीतले सगळे हात थांबले. आपण काय बोललो ते विजयमालाबाईंना उशिरा उमगलं, आणि तोवर दत्तराव सुरजच्या ताटाकडं बघत होते. ताटावरून त्यांची नजर सुरजच्या तोंडावर गेली. सुरजची मान खाली होती. ती मान चार माणसांत पहिल्यांदा खाली गेलेली दीपिकानं बघितली, आणि तिला आतून गार गार वाटलं.

"पोरी," दत्तराव सावकाश म्हणाले, "काय म्हणायचंय तुला?"

"मला काईच म्हणायचं न्हाई, मामा. मी भंडाऱ्याची शपथ घेतलीय. ज्याच्या ताटात हाय त्यानं बोलावं."

"सुरज, बोल की रं!" विजयमालाबाई बाजेवरून उठून पुढं आल्या. "फेक ते ताट तिच्या तोंडावर! ह्या वांझोटीनं तुझं नाव घालवलं अन् तू मुक्यावानी बसलास? सांग सगळ्यांना, दोष कुणाचा हाय ते!"

"माय, गप बस."

"कामून गप बसू? सांग म्हणते ना मी!"

"गप बस म्हणलं ना!" सुरज ओरडला, आणि मग त्याचा आवाज पार बसला. "माझाच दोष हाय. डॉक्टरनं माझंच सांगितलंय. हिचं काई न्हाई."

खांबाला टेकलेला धोंडीबा तिथंच उकिडवा बसला. त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि तोंड त्यात खुपसलं. दाराच्या आड म्हाळसाबाई उभी होती, ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि सगळ्यांच्या देखत लेकीच्या शेजारी उभी राहिली.

"कवा सांगितलं डॉक्टरनं?" विजयमालाबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

"लय दिस झाले."

"म्हंजी मी हिला खाऊ घालत होते तवा..."

"ठावं होतं मला."

दत्तरावांनी ताटातली कलेजी बोटानं बाजूला सारली. "आमच्या वैष्णवीचा विषय इथंच संपला," ते म्हणाले. "पाव्हणं, तुमी आमाला बी फसवायलाच निघाला होता." बाकीचे पंच ताटाकडं बघत बसून राहिले. उठावं की बसावं ते कुणाला कळेना, आणि घास तर कुणाच्याच हातात राहिला नव्हता.

विजयमालाबाईंना आता पुढचं दिसायला लागलं होतं. सेलूत सुलाबाईला कळेल. बाजारात कोंबडीवाल्याला कळेल. ज्या ज्या माणसाला त्यांनी सूनबाईचं वांझपण ऐकवलं होतं त्या प्रत्येकाला कळेल. त्या एकदम दीपिकाकडं वळल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"चल बाई, घरी चल. झालं ते झालं. ही बैठक नको अन् काई नको. तुला मी लेकीवानी ठिवते. आपल्या घरातलं आपल्या घरातच राहू दे."

दीपिकानं हात सोडवून घेतले. विजयमालाबाईंना काय करावं सुचेना. त्या लेकाच्या ताटाकडं वाकल्या, तो घोस उचलून कुत्र्यापुढं फेकायला. दीपिकानं त्यांचं मनगट वरच्या वर धरलं. मेंढरं धरणाऱ्या बापाची लेक ती. म्हातारीचं मनगट हललं नाही.

"न्हाई, आत्याबाई. खाऊ द्या त्यांना. मी एकदाबी ताटात टाकला न्हाई."

"दीपे, त्याला सोड गं," विजयमालाबाई रडायला लागल्या. "माझ्या लेकराला लोकांत असं करू नको."

"मी काय केलं? मी जेवायला वाढलंय."

सुरजनं एकदा दीपिकाकडं बघितलं. डोळे तेच होते, स्टँडवर पाण्याच्या टाकीपाशी होते तसेच ओले. आपल्याला त्याची दया येईल अशी दीपिकाला मनातून भीती होती. दया आली नाही. तिनं त्याची नजर सोडली नाही, आणि शेवटी त्यानंच डोळे खाली केले. पहिला बलक त्यानं देठावरून तोडला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मोठे बलक कोरडे असतात, घशात अडकतात. त्यानं पाण्यासाठी हात पुढं केला तेव्हा तांब्या दीपिकानंच दुसऱ्या हातानं पुढं सारला. लिंबाखाली एवढी माणसं बसलेली, पण एका माणसाच्या चावण्याशिवाय आवाज नव्हता. त्याची आई समोर उभी राहून बघत होती. बघितल्याशिवाय तिला गत्यंतर नव्हतं, कारण तिचं मनगट अजून सुनेच्या हातात होतं.

मोहरीएवढे दाणेसुद्धा त्यानं ठेवले नाहीत. देठ तेवढा ताटाच्या कडेला राहिला.

मग दीपिकानं सासूचं मनगट सोडलं, पदराला हात पुसले आणि ती दत्तरावांपुढं येऊन उभी राहिली.

"जेवण झालं असंल तर बैठक बसवा, मामा," ती म्हणाली. "मला ह्या माणसापासून मोकळी करा. कारण काय ते आता सगळ्यांना ठावं हाय."